गाणं ऐकताय की हेडफोन?

एक सोपा प्रश्न. याआधी कधीच न ऐकलेलं एखादं गाणं तुम्ही पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत शेवटचं कधी ऐकलंत? आता दुसरा प्रश्न. हेडफोनचा, इअरबड्सचा नाहीतर स्पीकरचा रिव्ह्यू शेवटचा कधी पाहिलात? दुसऱ्याचं उत्तर ‘काल रात्री’ आणि पहिल्याचं ‘आठवत नाही बुवा’ असं आलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. उलट असेल तरी वाचा, कारण तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण नक्की आहे.

तुम्ही त्याला ओळखता. कट्ट्यावर भेटला की खिशातून चेनची छोटी डबी काढतो. तिच्यातून वेणीसारखी गुंफलेली वायर निघते. ‘हे लाव, ऐक’ म्हणत तो ती तुमच्या हातात देतो. तुम्ही कानात घालता, गाणं सुरू होतं आणि जरा कुठे सूर लागतोय तोवर तो गाणं बदलतो. ‘आता याचा बेस बघ.’ मग तिसरं गाणं. ‘इथे उजव्या कानात गिटार कशी आली, कळलं का?’ पाच मिनिटांत सहा गाणी होतात, पूर्ण एकही नाही. त्याच्या फोनमध्ये ‘टेस्ट’ नावाची प्लेलिस्ट असते आणि गेल्या दोन वर्षांत त्यानं तिच्याबाहेरचं फारसं काही ऐकलेलं नसतं.

या मित्राची टिंगल करायला हा लेख लिहिलेला नाही. त्याला संगीत आवडतं की यंत्र, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याच्यासाठीही आणि महिन्याच्या पॉकेटमनीतून काहीतरी ‘अपग्रेड’ करायच्या विचारात असलेल्या तुमच्यासाठीही.

दीड हजारापासून सुरू होणारी शिडी

दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत हा नाद श्रीमंतांचा होता. घरात वेगळी खोली, तिच्यात कपाटाएवढे स्पीकर आणि ॲम्प्लिफायरची किंमत ऐकून गप्प बसावं असा एखादा काका. आता तसं राहिलेलं नाही. स्टेजवर गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून कानात घालायचं जे यंत्र बनलं, ते इन-इअर मॉनिटर, आपल्या भाषेत आयईएम, चिनी कंपन्यांनी दीड-दोन हजारांत आणून दिलं. मूनड्रॉप, केझेड ही नावं हॉस्टेलच्या खोल्यांत मोबाइलच्या ब्रँडइतकी ओळखीची झाली आहेत. आणि खरं सांगायचं तर दीड हजारातलं चांगलं आयईएम खरोखर चांगलं असतं. फोनबरोबर फुकट मिळायच्या त्या इअरफोनवरून इथे आलात की फरक कळतोच. त्यासाठी तयार कान लागत नाही.

गंमत त्यापुढे सुरू होते. आयईएम आलं की कुणीतरी सांगतं, फोनचा आवाज ‘कोरडा’ आहे, डॅक घे. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारी चिप. ती तुमच्या फोनमध्ये नाहीतर सोबतच्या छोट्या डोंगलमध्ये आधीपासून असतेच. पण वेगळी घेतली. मग वायर बदलायची, कानातली रबरी टोकं बदलायची. मग ‘हे घरासाठी, ते कॉलेजसाठी’ म्हणून दुसरा सेट. पुण्यात तपकीर गल्लीत एक चक्कर, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक चक्कर, जुन्या सेटसाठी गिऱ्हाईक शोधणं आणि त्या पैशात थोडे घालून नवा घेणं.

या जगात ‘एंडगेम’ असा एक शब्द आहे. यापुढे काही घ्यायची गरज नाही असा शेवटचा सेट म्हणजे एंडगेम. तो मिळाल्याचं लोक दर सहा महिन्यांनी जाहीर करतात.

पैसा हा यातला मोठा भाग आहे. आपण कमावते नाही. मेसचे पैसे, गाडीचं पेट्रोल, परीक्षेची फी या सगळ्यातून जे उरतं त्यातूनच हे चाललेलं असतं. पण माझ्या मते पैशापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट यात पणाला लागते. तिच्याकडे येऊच. त्याआधी कानाबद्दल थोडं.

कान ऐकतो, डोळा गुण देतो

१९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. दोघं ध्वनियंत्रं बनवणाऱ्या हरमन या कंपनीत काम करत होते आणि ऐकणारेही त्याच कंपनीतले, म्हणजे या विषयातले जाणते लोक होते. त्यांना काही स्पीकर ऐकवून गुण द्यायला सांगितले. एकदा स्पीकर समोर दिसत असताना, एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, भारदस्त, महागड्या स्पीकरना भरपूर गुण मिळाले आणि छोट्या, स्वस्त सेटला कमी. पडदा आला आणि हा फरक आक्रसला. यंत्रं तीच, गाणी तीच आणि कानही तेच होते. गेली होती ती फक्त नजर.

दुसरी फसवणूक आवाजाच्या पातळीची. दोन यंत्रांपैकी एक जरासं, म्हणजे ‘हे मोठं आहे’ असं लक्षातही येणार नाही इतपत मोठ्यानं वाजत असेल, तर आपल्याला ते ‘मोठं’ वाटत नाही, ‘चांगलं’ वाटतं. जास्त स्पष्ट, जास्त जिवंत. म्हणून खरी तुलना करायची तर दोन्हींचे आवाज आधी मोजून सारखे करावे लागतात. दुकानात किंवा कट्ट्यावर हे कोण करतं? ‘नवा डॅक लावला आणि गाण्यावरचा पडदाच उठला’ असं वाटतं, तेव्हा कित्येकदा नुसता आवाज चढलेला असतो.

तिसरी गोष्ट आकड्यांची. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद होते. का? माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, तेही तरुणपणी. वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येते. कोणतीही लहर पूर्ण पकडायची तर तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा नोंद करावी लागते, हे गणित इंजिनिअरिंगवाल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात भेटतं. २०,००० ची दुप्पट ४०,०००, वर थोडी मोकळी जागा. म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीची ती चकती माणसाच्या कानाला पुरून उरत होती.

तरी ‘हाय-रेझ’ नावाच्या, याहून कितीतरी बारीक नोंदींच्या फाइल आपल्याला विकल्या जातात. २००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी अमेरिकेत याचीच परीक्षा घेतली. हाय-रेझ ध्वनिमुद्रण आणि तेच ध्वनिमुद्रण सीडीच्या दर्जावर उतरवून, असं दोन्ही लोकांना ऐकवलं आणि कोणतं कोणतं ते ओळखायला सांगितलं. त्यात ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातले लोकही होते. ५५० हून अधिक वेळा ही चाचणी झाली आणि बरोबर उत्तरं आली साधारण निम्मी. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

आणि २०२२ चा किस्सा तर यावर कडी आहे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपी रेकॉर्डसाठी प्रसिद्ध. डिजिटलला हात न लागलेला ‘शुद्ध’ आवाज म्हणून शौकीन मंडळी वर्षानुवर्षं या रेकॉर्डची तारीफ करत होती. जुलै २०२२ मध्ये ॲरिझोनातल्या एका रेकॉर्ड दुकानदारानं कंपनीच्या इंजिनिअरांची मुलाखत घेतली आणि त्यात बाहेर आलं, की यातल्या बऱ्याच रेकॉर्ड मधे एक डिजिटल पायरी घेऊनच बनत होत्या. गहजब झाला. प्रकरण कोर्टात गेलं. ग्राहकांना अंधारात ठेवलं ही चूक होतीच. पण ‘डिजिटल मला लगेच ओळखू येतं’ म्हणणाऱ्या कानांना इतकी वर्षं ते ओळखू आलं नव्हतं, हेही त्या निमित्तानं समजलं.

मग यंत्राचा नाद सोडायचा?

थांबा. आता ‘बघ, मी म्हणत होते ना’ असं म्हणत हा मजकूर त्या मित्राला पाठवायला निघाला असाल, तर थोडं पुढे वाचा.

मिरजेला जा. तिथे सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांची गल्ली आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा वरचा भाग अगदी किंचित उतार देऊन घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा एक बारीक धागा सरकवतात. तो केसभर इकडेतिकडे झाला की तंबोऱ्याचा आवाज मिटतो नाहीतर उमलतो. याला जवारी म्हणतात. चांगली जवारी लावणारा माणूस एका घोडीवर तासन् तास घालवतो. मैफलीआधी गवई तंबोरे जुळवत बसतात आणि आपल्याला वाटतं, अजून सुरू का होत नाही! ही यंत्राची काळजी नाही तर काय आहे? संगीताच्या अगदी गाभ्यात बसलेली ही ‘गिअर’ची हौस आहे.

आता यातला चमत्कार ऐका. तंबोऱ्याच्या चारही तारांत गंधार कुठेच लावलेला नसतो. पण जवारी चांगली असेल आणि तंबोरा सुरेल जुळला असेल, तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. कारण तार एकाच वेळी स्वतःच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट गतीनंही थरथरत असते. खर्ज ७० हर्ट्झचा धरला तर त्याची पाचपट ३५० हर्ट्झ, आणि तिथे गंधार बसलेला असतो. कुणी न वाजवलेला सूर! फोनच्या स्पीकरवर खालचा खर्ज नीट ऐकूच येत नाही. बऱ्यापैकी हेडफोनवर, शांत खोलीत, डोळे मिटून पाच मिनिटं नुसता तंबोरा ऐकलात तर हा गंधार सापडू शकतो. पहिल्यांदा सापडतो तेव्हा अंगावर काटा येतो. म्हणजे इथे यंत्राला काम आहे, आणि ते संगीताच्याच दारात नेऊन सोडतं.

शिवाय यंत्राची आवड ही स्वतंत्र आवड म्हणूनही काही वाईट नाही. कुणी बाइक उघडून बसतं, कुणी फाउंटन पेन जमवतं, कुणाला कॅमेऱ्याच्या लेन्सचं वेड. तसंच कुणी जुना ॲम्प्लिफायर उघडून सोल्डरिंग शिकतं, त्यातून त्याला फूरिये पुस्तकापेक्षा जास्त कळतो. मस्तच आहे की! आपण यंत्र एन्जॉय करतोय हे त्याला माहीत असलं की झालं. घोळ तेव्हा होतो, जेव्हा आपण यंत्राच्या मागे असतो आणि स्वतःला सांगतो, की हे सगळं गाण्यासाठी चाललंय.

ही थट्टाही काही आजची नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये घरोघर ‘हाय-फाय’ सेट येऊ लागले, तेव्हा फ्लँडर्स आणि स्वॉन या जोडीनं आपल्या विनोदी कार्यक्रमात या वेडावर अख्खं गाणं रचलं होतं. आपल्याकडेही बाबांच्या पिढीत मेटल टेप चांगली की क्रोम, यावर वाद व्हायचेच. त्या पिढीला विचारा, डोळे चमकतात.

पणाला काय लागतं?

मघाशी म्हटलं ती गोष्ट आता. कान यंत्राला जुंपला की सगळ्यात आधी बळी जातो तो तुमच्या ऐकण्याच्या पसाऱ्याचा. कसं? हेडफोन ‘दाखवायला’ स्वच्छ, चकचकीत, नव्या स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण लागतं. मग हळूहळू तेवढंच ऐकलं जातं. जुनं लावलं की खरखर येते, आवाज चपटा वाटतो, ‘रेकॉर्डिंग बेकार आहे’ म्हणून ते बाजूला पडतं. बालगंधर्व बाजूला, हिराबाई बडोदेकर बाजूला, पन्नास-साठच्या दशकातली निम्मी चित्रपटगीतं बाजूला. गाणं कोणतं ऐकायचं हे तुम्ही ठरवत नाही, तुमचं यंत्र ठरवतं. पैसे परत मिळवता येतील. पण विशी-बाविशीत कानावर न पडलेलं गाणं पुढे ‘वेळ मिळाला की ऐकू’ या यादीत जातं आणि ती यादी कुणी उघडत नाही.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर हे नाव ऐकलंय? १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर ही दोन यानं पाठवली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरचं संगीत म्हणून काय न्यायचं, याची निवड करणाऱ्यांनी जगभरातून मोजक्या रचना घेतल्या. त्यात बाख आहे, बीथोव्हन आहे आणि केसरबाईंची भैरवी आहे. साडेतीन मिनिटांची. ते ध्वनिमुद्रण जुन्या ७८ आरपीएमच्या जमान्यातलं आहे. कट्ट्यावरच्या त्या ‘टेस्ट’ प्लेलिस्टमध्ये त्याला जागा मिळाली नसती. व्हॉयेजर १ नं २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. माणसानं बनवलेली इतर कोणतीही वस्तू तिच्याइतकी दूर गेलेली नाही आणि तिच्यात ती भैरवी आहे.

आणि एक गंमत. तबकडीबरोबर नासानं ती वाजवण्यासाठी कार्ट्रिज आणि सुईसुद्धा पाठवली आहे, वर कव्हरवर कशी वाजवायची त्याच्या आकृत्या कोरल्या आहेत. यंत्राशिवाय भागत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण निवड करताना त्यांनी गाणं निवडलं.

त्याही आधी, १९०२ च्या नोव्हेंबरात, कोलकात्यात गौहर जान एका मोठ्या कर्ण्यासमोर उभ्या राहून गायल्या. मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. तीन मिनिटांत राग आटपायचा आणि शेवटी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, कारण तबकड्या छापल्या जायच्या परदेशात आणि गाणारी कोण हे तिथल्या लोकांना कळायला हवं. आज ते ध्वनिमुद्रण ऐकलं तर सुरुवातीला फक्त खरखर ऐकू येते. एका मिनिटानं मात्र खरखर मागे सरते. कान स्वतःच ती वजा करतो आणि बाई समोर येतात. ही वजाबाकी कोणताही डॅक करून देत नाही. तिला सवय लागते.

रेडिओला हार

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्याचंच आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चं पहिलं गीत गेलं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात ५६ गीतं. रेडिओ सगळ्यांच्या घरी नव्हता, ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे आळी जमायची. त्या पिढीतले लोक सांगतात, की काही घरांत कार्यक्रमाआधी रेडिओला हार घालून उदबत्ती लावायचे.

तांत्रिक भाषेत तो आवाज कसा होता? एकच स्पीकर, स्टीरिओ नाही, वरचे बारीक सूर गायब, मधूनच खरखर. आजचं दीड हजाराचं आयईएम त्याच्या कितीतरी पुढे आहे. पण ऐकणाऱ्यांकडे तीन गोष्टी होत्या, ज्या आपण हातच्या घालवल्यात. त्यांना थांबावं लागायचं, कारण गाणं आठवड्यातून एकदाच यायचं. ते सगळे मिळून ऐकायचे. आणि मागे जाऊन परत ऐकायची सोय नसल्यानं, पहिल्याच वेळी पूर्ण लक्ष द्यायचे. आपल्याकडे कोट्यवधी गाणी आहेत आणि पुढचं गाणं लावायचं बटण आहे.

‘जुनं ते सोनं’ म्हणायचं नाहीये मला. परत ऐकता येणं ही मोठी देणगी आहे. पण हार यंत्राला घातला गेला तरी तो यंत्रासाठी नव्हता, एवढं ध्यानात घ्यायला हवं.

यंत्र जिथे खरंच कामी येतं

आमच्या घरी एक कॅसेट आहे. आजोबांनी टू-इन-वनवर भरलेली. आजी भोंडल्याची गाणी म्हणतेय, बरोबर शेजारच्या दोन-तीन बायका. माईक कुठे, तर टेपरेकॉर्डरमध्येच. आवाज दूरचा, वर टेपची सूं सूं. मागच्या वर्षी मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि पहिल्यांदाच बऱ्या हेडफोनवर ऐकली. आजीचा आवाज काही बदलला नाही. पण त्याच्यामागे एक नवी गोष्ट ऐकू आली. मधेच कुणीतरी हळूच टाळीचा ठेका धरतं आणि खोकतं. तो खोकला आजोबांचा होता. यंत्र चालू करून ते तिथेच बसून राहिले होते. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. बाबांना हेडफोन दिला, त्यांनी तो भाग चार वेळा ऐकला. बोलले काही नाहीत.

त्या दिवशी हेडफोनची किंमत वसूल झाली. त्यात साउंडस्टेज वगैरे काही नव्हतं. ऐकायला कुणीतरी होतं आणि यंत्रानं त्याच्यापर्यंत नेलं.

म्हणून यंत्र घ्यावं की नाही हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. जरूर घ्या. फोनबरोबरच्या इअरफोनवरून एक पायरी वर चढलात तर फायदा मोठा आहे, आणि ती पायरी स्वस्त आहे. त्यापुढच्या प्रत्येक पायरीला किंमत दुप्पट होते आणि फायदा निम्म्याहून कमी. तेवढ्या पैशांत बाहेर किती गाणं मिळतं ते बघा. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव दर डिसेंबरात पुण्यात होतो. तिथे भारतीय बैठकीत सतरंजीवर बसून रात्रीपर्यंत ऐकता येतं. गावोगावी गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम असतात, संगीत मंडळांच्या बैठका असतात, कॉलेजच्या फेस्टमध्ये तुमच्याच वर्गातली मुलं वाजवत असतात. यातलं बरंचसं फुकट असतं आणि साउंडस्टेज, खरं सांगते, तिथे सगळ्यात भारी असतो. स्टेजच असतं ना समोर!

कान एकच जोडी मिळते

शेवटी एक गंभीर गोष्ट. आपल्या गावांकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. हे नाव आलं कुठून, माहितीये? रे डॉल्बी या माणसानं १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपमधली सूं सूं कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज घालवणाऱ्याचं नाव आपण छाती हादरवणाऱ्या भिंतीला दिलं!

ती भिंत आता छोटी होऊन कानात आली आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती असुरक्षित ऐकण्यामुळे धोक्यात आहे. त्यांचं मोठ्यांसाठीचं प्रमाण आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. लोकलमध्ये, बसमध्ये बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आपण आवाज चढवतो तेव्हा हे गणित किती पटकन संपतं बघा. कानातल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. त्यांना अपग्रेड नाही, एक्स्चेंज ऑफर नाही. लाखाचा सेट घेऊन ऐकणार कशानं?

करून बघा

एक. नवं काही घ्यायच्या आधी डोळे बांधून तुलना करा. मित्राला जुनं आणि नवं आलटूनपालटून लावायला सांगा, आवाज शक्य तितका सारखा ठेवा, दहा वेळा ओळखायचा प्रयत्न करा. पाच-सहा वेळाच बरोबर आलं तर पैसे खिशात ठेवा.

दोन. आठवड्यातून एकदा, आधी कधीच न ऐकलेलं काहीतरी पूर्ण ऐका. फोन पालथा ठेवून. आवडलं नाही तरी शेवटपर्यंत.

तीन. एक खरखरीचं जुनं ध्वनिमुद्रण निवडा आणि तीन दिवस रोज ऐका. तिसऱ्या दिवशी खरखर किती ऐकू येते ते बघा.

चार. यंत्रावर जेवढे खर्च कराल, त्यातले थोडे तरी तिकिटासाठी बाजूला काढा.

पाच. घरात जुनी कॅसेट असेल तर या सुट्टीत उतरवून घ्या. टेप खराब होत जाते, तिच्यावरचे आवाज पुन्हा भरता येणार नाहीत. हेडफोन कोणताही चालेल.